म्युनिकच्या नगरसभेचा सौदा

सन २००३ च्या मे महिन्याच्या २८ तारखेस जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरसभेत एक ठराव मतास टाकण्यात आला. ठरावाचा विषय वरवर पाहता अगदी रुक्ष होता. नगरपालिकेच्या कचेऱ्यांतून जे सुमारे १४,००० संगणक होते, त्यांवर येथून पुढे कोणती कार्यप्रणाली चालवावयाची, एवढाच काय तो प्रश्न. सभासदांपुढे दोन दरपत्रके होती. त्या वेळच्या वृत्तपत्रांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे एक सुमारे २ कोटी ३७ लाख डॉलरांचे, तर दुसरे सुमारे ३ कोटी ५७ लाख डॉलरांचे होते. नगरसभेने ५० विरुद्ध ३० मतांनी दुसरे, म्हणजे महागडे दरपत्रक पत्करले. सार्वजनिक पैशाचा हिशेब ज्यांच्या हाती आहे अशी मंडळी स्वस्त माल समोर असता महाग माल उचलतात, ही गोष्ट कोणत्याही नगरपालिकेच्या इतिहासात नवलाची. आणि ती उघड सभेत आकडे मांडून घडते, तेव्हा तर तिची कारणे नीट तपासून पाहिली पाहिजेत.

म्युनिक ही बव्हेरिया प्रांताची राजधानी. बारा लाखांवर वस्तीचे हे सधन शहर. जन्ममृत्यूची नोंद, बांधकामाचे परवाने, कर, शाळा ह्या सर्वांचे कागद तेथे संगणकावर तयार होत आणि त्या संगणकांवर अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज एनटी ४’ नावाची कार्यप्रणाली असे. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या पेढीवरचा मुनीम म्हणा. कोणती नोंद कोठे ठेवावयाची, कोणत्या कामास किती जागा द्यावयाची, छपाईच्या यंत्रास केव्हा हुकूम सोडावयाचा, ही सारी व्यवस्था ती पाहते. पत्रलेखनाच्या आणि हिशेबाच्या आज्ञावल्या तिच्या आश्रयाने चालतात. म्युनिकची यंत्रे बिघडली नव्हती आणि मुनीमही आपले काम बऱ्यापैकी करीत होता. परंतु ह्या प्रणालीची देखभाल २००४ साली संपेल, असे कंपनीने जाहीर केले. देखभाल संपली म्हणजे नव्याने सापडलेली भगदाडे बुजविण्याचे काम बंद पडावयाचे. ती नगरपालिकेने स्वतः बुजवावी म्हटले तर तेही अशक्य. कारण प्रणालीचा मूळ मजकूर कंपनीच्या कपाटात आणि त्यास हात लावण्याची परवान्यात मनाई. ज्या यंत्रांत लक्षावधी नागरिकांच्या नोंदी आहेत, ती अशी उघडी टाकता येत नाहीत. तेव्हा बिऱ्हाड हलविण्याची पाळी आली ती घर मोडकळीस आले म्हणून नव्हे, तर घरमालकाने तारीख दिली म्हणून.

हा प्रकार म्युनिकात प्रथमच उद्भवला असे मात्र नाही. गणनयंत्रांच्या धंद्यात वापर एकाचा आणि ताबा दुसऱ्याचा ही रीत फार जुनी आहे. आयबीएम ही अमेरिकन कंपनी भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालणारी आपली यंत्रे विकत नसे, भाड्यानेच देई. आणि यंत्रात घालावयाचे कोरे पत्तेही आपलेच घेतले पाहिजेत, अशी अट भाडेपत्रात घाली. १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पत्त्यांची ही सक्ती बेकायदा ठरविली. यंत्रे भाड्याप्रमाणे विकतही दिली पाहिजेत, हे बंधन कंपनीवर आले ते १९५६ सालच्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने. भारतातही तिने हाच परिपाठ ठेवला होता. इतरत्र वापरून परत आलेली आणि नव्याने दुरुस्त केलेली १४०१ ह्या जातीची यंत्रे येथील कचेऱ्यांस व गिरण्यांस भाड्याने मिळत. १९७३ च्या परकीय चलन कायद्यान्वये येथील शाखेतील परकीय भांडवल ४० टक्क्यांवर आणावे, असा आग्रह भारत सरकारने धरला. कंपनीस तो मानवला नाही आणि १९७८ साली तिने आपला गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल पुढे सीएमसी ह्या सरकारी कंपनीने चालविली. यंत्र मुंबईच्या कचेरीत असावे आणि त्याची विद्या सातासमुद्रापलीकडे, ही अडचण येथील जुन्या कारकुनांस पुस्तकात वाचावी लागली नाही.

पुढे काळ पालटला. १९८१ च्या ऑगस्टात ह्याच आयबीएमने मेजावर मावणारा छोटा संगणक बाजारात आणला. काम घाईचे होते, म्हणून त्याचे बहुतेक भाग बाहेरून घेतले गेले. गणकाचे हृदय इंटेल कंपनीचे होते, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती आणि अंतर्भागाचे आराखडे तर आयबीएमने स्वतःच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. टेक्सासमधील कॉम्पॅक कंपनीने १९८२ च्या नोव्हेंबरात त्याच आज्ञावल्या चालवील असे स्वतःचे यंत्र जाहीर केले. तिच्या मागोमाग इतर अनेक कारखानदार निघाले. १९८४ च्या जानेवारीत अॅपल कंपनीचा मॅकिंटॉश आला. चित्रांनी आज्ञा देण्याची सोय त्यात होती आणि तो दिसण्यासही देखणा होता. परंतु त्याची किंमत २,४९५ डॉलर, पेटी उघडण्यास निराळाच पेचकस लागे आणि आत नवा भाग बसविण्यास एकही खाच ठेवलेली नव्हती. बहुसंख्य ग्राहकांनी मोकळी पेटी निवडली. ती कोणत्याही दुकानात मिळे, चढाओढीने स्वस्त होत जाई आणि तिचे भाग घरच्या घरी बदलता येत. ह्या निवडीत चूक काढता येत नाही. मात्र एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आली नाही. आयबीएमशी करार करताना मायक्रोसॉफ्टने ती कार्यप्रणाली इतरांस विकण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला होता. त्यामुळे पेटी मोकळी झाली, पण तिजोरीची किल्ली मुनिमाच्या कमरेला गेली. अनेक कारखानदारांशी तर मायक्रोसॉफ्टचे असे करार होते की, विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे, त्यावर तिची प्रणाली घातलेली असो वा नसो, तिला पैसे मोजावेत. १९९४ साली अमेरिकन सरकारशी झालेल्या तडजोडीत असे करार तिला सोडावे लागले. तोवर किल्ली कमरेला घट्ट बसली होती.

आता म्युनिकपुढील दुसऱ्या मार्गाविषयी. १९८३ च्या सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन गृहस्थाने जाहीर केले की, जिचा मूळ मजकूर कोणासही वाचता येईल, दुरुस्त करता येईल आणि दुसऱ्यास देता येईल, अशी एक संपूर्ण कार्यप्रणाली आपण निर्माण करणार. तिचे पुष्कळ भाग तयार झाले, पण गाभा राहिला होता. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने तो गाभा लिहिण्यास घेतला आणि पुढच्याच वर्षी स्टॉलमनच्या परवान्याखाली तो जगास खुला केला. तोच लिनक्स. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लिनक्स फुकट मिळते, म्हणून ते स्वस्त, असे समजणारे त्या वेळीही होते. फुकट आणि मुक्त हे दोन शब्द मराठीत निराळे आहेत, आणि येथे मुक्तपणाचेच महत्त्व अधिक. परवान्यास पैसा लागत नाही. परंतु हजारो कारकुनांस नव्याने शिकविणे, जुने कागद नव्या रूपात आणणे आणि यंत्रे एकमेकांशी जुळविणे ह्या कामांस माणसे लागतात आणि माणसांस पगार लागतो. म्युनिकपुढील ते ३ कोटी ५७ लाखांचे दरपत्रक लिनक्सचेच होते.

नगरपालिकेने युनिलॉग नावाच्या सल्लागार कंपनीकडून दोन्ही मार्गांची तुलना करविली. निव्वळ खर्चाच्या बाजूने मायक्रोसॉफ्टचा मार्ग हलका, पण दूरदृष्टीच्या धोरणाच्या बाजूने लिनक्सचा उजवा, असा तिचा निष्कर्ष निघाला. ही बातमी फुटताच मायक्रोसॉफ्टच्या गोटात धावपळ उडाली. कंपनीचे मुख्याधिकारी स्टीव्ह बाल्मर हे स्वित्झर्लंडात बर्फावरील खेळांसाठी सुटीवर गेले होते. सुटी अर्धी टाकून ते नगराध्यक्ष क्रिस्टियान ऊडे यांच्या भेटीस आले. मूळचे सुमारे ३ कोटी ६६ लाख डॉलरांचे दरपत्रक खाली येत येत २ कोटी ३७ लाखांवर आले. शिवाय सहा वर्षे नवी आवृत्ती घेतली नाही तरी चालेल, आज्ञावल्यांचा सबंध जुडगा न घेता हवी तेवढी एकच घ्या, शिक्षणाचा खर्च आम्ही सोसतो, अशा सवलती पुढे करण्यात आल्या.

सवलतींचा हा वर्षाव कंपनीच्या मनोरथास पोषक ठरला असे दिसत नाही. एका भेटीसरशी ज्या मालाचा भाव तिसऱ्या हिश्श्याने उतरतो, त्या मालाचा खरा भाव कोणता, ही शंका हिशेबी माणसास येणारच. सहा वर्षे नवे घेण्याची सक्ती करणार नाही, असे आश्वासन देणारा सहा वर्षांनंतर सक्ती करू शकतो, हेही त्यातच कबूल झाले होते. खुद्द ऊडे यांनी पुढे एका मुलाखतीत आणखी एक प्रसंग सांगितला. कंपनीचे संस्थापक बिल गेट्स यांनी मोटारीत त्यांस विचारले की, हा खटाटोप आपण कशासाठी करता? स्वातंत्र्यासाठी, असे ऊडे म्हणाले. कोणापासून? तर आपल्यापासूनच, असे त्यांनी उत्तर दिले. प्रसंग सांगणारा त्यातील एक पक्ष आहे, हे ध्यानात ठेवूनही नगरसभेच्या मनातील गोष्ट त्यात उतरली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

निर्णय झाला, तरी ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण म्युनिककरांस लवकरच आठवली असती, जर ती त्यांस ठाऊक असती. २००४ साली ठराव पक्का झाला, तोच पेटंटांच्या हक्कावरून कज्जे उद्भवतील काय, ह्या शंकेने काम थोडा काळ थांबले. २००५ साली कंत्राट दिले गेले ते मूळ दरपत्रक देणाऱ्या जोडीस नव्हे. ती जोडी होती न्यूरेंबर्गची सूझे कंपनी आणि, दैवगती पाहा, एके काळी पत्त्यांची सक्ती करणारी तीच आयबीएम. नगरपालिकेने दोन लहान जर्मन कंपन्या पसंत केल्या आणि सूझेच्या लिनक्सऐवजी डेबियन नावाचे, कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसलेले लिनक्स घेतले. वाटेत गाडीवान बदलला, पण गाडी आणि बैल तेच राहिले. ठरावाच्या मागचा सगळा अर्थ ह्या एका गोष्टीत पाहावयास मिळतो. मायक्रोसॉफ्टचा मार्ग धरला असता, तर मायक्रोसॉफ्टला रजा देऊन मायक्रोसॉफ्टचीच प्रणाली दुसऱ्या कोणाकडून सुधारून घेणे शक्य नव्हते.

प्रत्यक्ष यंत्रांचे स्थलांतर २००६ च्या सप्टेंबरात सुरू झाले. नव्या प्रणालीस ‘लिमुक्स’ असे नाव देण्यात आले. तेव्हा असे दिसून आले की, खरा गुंता कार्यप्रणालीत नसून कारकुनांच्या कागदात आहे. प्रत्येक खात्याने वर्षानुवर्षे आपापले नमुने, आपापली शीर्षपत्रे आणि ती भरणाऱ्या छोट्या आज्ञा रचून ठेवल्या होत्या. हजारोंच्या घरात जाणारा हा संसार मायक्रोसॉफ्टच्या लेखनपद्धतीत बांधलेला होता. तो सोडविण्यासाठी नगरपालिकेच्या माणसांनी ‘वोलमुक्स’ नावाची स्वतःची आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांस खुली करून दिली. अंडी घालणारी, लोकर देणारी आणि दूधही देणारी डुकरीण हा जर्मन लोकांचा एक ठरलेला विनोद आहे. एकाच जनावराकडून सर्व अपेक्षा करणाऱ्यास ते असे म्हणतात, आणि त्यावरूनच हे नाव घेतलेले आहे. नाव ठेवणाऱ्यांस आपल्यापुढील कामाची पुरी कल्पना होती, हे उघड आहे.

त्याहून कठीण गोष्ट म्हणजे नगरपालिकेत संगणकाचा कारभार पाहणारी विसांहून अधिक निरनिराळी पथके होती; प्रत्येकाची रीत वेगळी आणि प्रत्येकास आपली रीत प्यारी. मायक्रोसॉफ्टच्या काळातही ही अनवस्था होती, पण झाकलेली होती. लिमुक्सने ती उघडी पाडली आणि तिचा दोषही पुष्कळदा लिमुक्सच्याच माथी आला. तरीही २०१३ च्या अखेरीस सुमारे १५,५०० यंत्रांपैकी १४,८०० वर नवी प्रणाली चालू झाली आणि काम पुरे झाल्याचे नगरपालिकेने जाहीर केले.

आता खर्चाचे काय झाले? २०१२ च्या नोव्हेंबरात नगरपालिकेने सांगितले की, विंडोजच्या मार्गाने गेलो असतो त्या मानाने एक कोटी युरोंहून अधिक रक्कम वाचली. थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टसाठी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने केलेला एक अभ्यास पुढे आला. त्यात नेमके उलटे गणित होते. लिनक्समुळे शहर कित्येक कोटींस बुडाले, असा त्याचा रोख. नगरपालिकेने तो खोडून काढला. दोघांचेही आकडे आपापल्या गृहीतांपुरते बरोबर असू शकतात, आणि सामान्य वाचकाचा गोंधळ होतो तो येथेच. कारकुनाचे शिक्षण कोणत्या खात्यात लिहावयाचे? जुन्या यंत्रावर नवे विंडोज चालत नाही, म्हणून घ्यावे लागणारे नवे यंत्र विंडोजच्या नावे टाकावयाचे की लोखंडाच्या? आणि कंपनीने भाव तिसऱ्या हिश्श्याने उतरविला, तो दुसरा मार्ग उघडा होता म्हणून. ती सूट कोणाच्या नावे जमा करावयाची? संगणकाचा खर्च मोजणे हे किराणा मोजण्यासारखे नाही. चार आण्याची कोंबडी कोणीही मोजील. बारा आण्यांचा मसाला कोणाच्या घरी वाटला गेला, हेच ठरत नाही.

२०१४ साली ऊडे निवृत्त झाले आणि डीटर रायटर नगराध्यक्ष झाले. दोघेही एकाच पक्षाचे, पण रायटर यांस मायक्रोसॉफ्टच्या आज्ञावल्या आवडत आणि ते तसे उघडपणे बोलत. पत्रव्यवहार व दिनदर्शिका नीट चालत नाहीत, बाहेरून आलेले कागद वेडेवाकडे उमटतात, अशा तक्रारी वर येऊ लागल्या. त्यांपैकी काही खऱ्या होत्या. बाहेरचे जग मायक्रोसॉफ्टच्या लिपीत लिहीत असता एकट्या म्युनिकने खुली लिपी वापरावयाची म्हणजे रोज दुभाष्याचे काम आलेच. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने आपली जर्मनीतील मुख्य कचेरी शेजारच्या गावातून म्युनिक शहरात आणली. ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे टीकाकार निघाले. परंतु एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, हा तर्क इतिहासात फार जपून वापरावा लागतो. त्याच वर्षी अॅक्सेंचर ह्या सल्लागार कंपनीने आपला अहवाल दिला. मुख्य दोष कारभाराच्या रचनेत आहे, यंत्रविद्येत तितका नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र ज्याला हवे त्याला विंडोज वापरू द्यावे, अशी वाटही त्याने मोकळी केली.

शेवटी २०१७ च्या नोव्हेंबरात नगरसभेने पुन्हा मत दिले. २०२० पर्यंत सर्व यंत्रांवर ‘विंडोज १०’ आणावयाचे, असे ठरले. खर्चाचा अंदाज सुमारे पाच कोटी युरोंचा होता. चौदा वर्षांपूर्वी ज्या सभागृहात महाग पण मोकळा मार्ग पसंत झाला, त्याच सभागृहात मोकळा मार्ग हाती असता तो सोडण्यासाठी पैसा मंजूर झाला.

ह्या निकालावरून लिनक्स हरले असे कोणी म्हणतात. तसे म्हणणे घाईचे होईल. पंधरा हजार यंत्रे वर्षानुवर्षे चालली, शहराचा कर गोळा झाला, परवाने निघाले, विवाहांच्या नोंदी झाल्या. हे काम न जमणाऱ्या प्रणालीचे नव्हे. कमी पडले ते दुसरेच. ताबा आपल्या हाती घेणे म्हणजे राबणेही आपल्या हाती घेणे, ही गोष्ट २००३ च्या नगरसभेस कळली होती, पण त्यानंतर निवडून आलेल्या सभासदांस ती वारसाहक्काने मिळाली नाही. भाड्याच्या घरात नळ गळला तर मालकाच्या नावे बोटे मोडता येतात. स्वतःच्या घरात नळ गळला तर प्लंबर शोधावा लागतो आणि तो येईपर्यंत बादली लावावी लागते. म्युनिकच्या अधिकाऱ्यांस बादली लावण्याचा कंटाळा आला, ह्यात मनुष्यस्वभावाला धरून नाही असे काहीच नाही. परंतु जो कंटाळा आला तो विसांहून अधिक पथकांच्या भांडणाचा होता, आणि ती भांडणे विंडोजच्या परवान्याबरोबर मिटून येत नाहीत.

२०२० च्या मे महिन्यात ग्रीन पक्ष आणि सोशल डेमोक्रॅट पक्ष यांनी म्युनिकचा कारभार एकत्र चालविण्याचा जो करार केला, त्यात शक्य तेथे खुल्या आज्ञावल्या वापराव्यात, असे कलम पुन्हा आले. २०२४ च्या एप्रिलात जर्मनीच्या उत्तर टोकाच्या श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांताच्या सरकारने आपल्या सुमारे ३०,००० यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या लेखन-आज्ञावल्यांऐवजी खुल्या आज्ञावल्या आणण्याचा निर्णय जाहीर केला. आणि म्युनिकने २०१७ साली ज्या ‘विंडोज १०’ साठी आपले घर सोडले, त्या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल कंपनीने आधीच दिलेल्या तारखेस, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, संपविली.